जोडी सापडते, खेळाडू हरवतो : टूर्नामेंटसॉफ्टवेअरवर एक जर्मन कारकीर्द शोधताना

एकेरीच्या खेळाडूची कारकीर्द शोधणं सोपं असतं. नाव टाकायचं, पान उघडायचं आणि वर्षं मागे मागे वाचत जायचं. दुहेरीत तसं होत नाही. तिथे क्रमवारीचे गुण जोडीच्या नावावर असतात, मानांकन जोडीला मिळतं, आणि जोडी मोडली की क्रमवारीतली तिची ओळ आठवड्यागणिक खाली सरकत एक दिवस यादीतून नाहीशी होते. माणूस मात्र खेळतच असतो, दुसऱ्या जोडीदाराबरोबर, दुसऱ्या ओळीत. जागतिक बॅडमिंटन संघटना, म्हणजे बीडब्ल्यूएफ, आपले ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याचे तक्ते), निकाल आणि क्रमवारी टूर्नामेंटसॉफ्टवेअर या साइटवर ठेवते. या साइटची परीक्षा घ्यायची तर दुहेरीच्या खेळाडूवरच घ्यावी.

इथे परीक्षेसाठी निवडलाय जर्मनीचा मार्क लाम्सफुस. जन्म 1994 चा. पुरुष दुहेरीत मार्विन झायडेलबरोबर, मिश्र दुहेरीत इसाबेल लोहाऊबरोबर. 2018 मध्ये बाझेलची स्विस ओपन मिश्र दुहेरीत जिंकली, एप्रिल 2022 मध्ये माद्रिदच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत पुरुष आणि मिश्र अशी दोन्ही दुहेरी सुवर्णं घेतली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मिश्र दुहेरीचं कांस्य. टोकियो ऑलिंपिकमध्ये दोन्ही प्रकारांत आणि पॅरिसमध्ये पुरुष दुहेरीत उतरला. निवड मुद्दाम केली आहे. या एका कारकिर्दीत साइटला अडवणाऱ्या जवळपास सगळ्या गोष्टी आहेत : आपल्या कीबोर्डवर नसलेलं अक्षर, लग्नानंतर बदललेलं जोडीदाराचं नाव, दोन समांतर क्रमवाऱ्या, देशातले सामने वेगळ्या दालनात, आणि ऑलिंपिकमधला एक सामना जो झाला पण मोजला गेला नाही.

आधी साइट काय आहे ते. टूर्नामेंटसॉफ्टवेअर ही व्हिज्युअल रिअॅलिटी या डच कंपनीची सेवा. मूळ वस्तू म्हणजे संगणकावर चालणारा टूर्नामेंट प्लॅनर नावाचा प्रोग्रॅम. स्पर्धेचा रेफरी त्यात प्रवेशिका भरतो, ड्रॉ काढतो, कोर्ट वाटतो आणि निकाल नोंदवतो, मग ती फाइल इंटरनेटवर प्रकाशित करतो. आपण पाहतो ती या फाइलची छापील प्रतच म्हणा ना. हे लक्षात ठेवलं की निम्मी कोडी सुटतात. निकाल उशिरा का दिसतो? कारण फाइल अजून वर चढवलेली नसते. जुन्या स्पर्धेत जुनंच नाव का दिसतं? कारण ती फाइल त्या आठवड्यात गोठलेली असते. हीच यंत्रणा वेगवेगळ्या संघटना आपापल्या दारातून वापरतात. बीडब्ल्यूएफचं दार वेगळं, युरोपीय संघटनेचं वेगळं, आपल्या भारतीय बॅडमिंटन संघटनेचंही आहे, आणि जर्मन संघटना त्याच घराचा जर्मन पत्ता वापरते, टुर्नियर डॉट डीई. सामने आणि निकाल पाहायला पैसे पडत नाहीत. पहिल्यांदा उघडल्यावर कुकीजची परवानगी विचारणारं पान येतं, ते ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शोध नावापासूनच अडतो. लाम्सफुसच्या आडनावाच्या शेवटी जर्मन लिपीतलं एसत्सेट हे अक्षर आहे, दिसायला इंग्रजी कॅपिटल बी सारखं. ते बी समजून टाइप केलं तर काहीच सापडणार नाही. बीडब्ल्यूएफच्या याद्यांत त्याजागी दोन एस असतात आणि आडनाव सगळं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. जर्मन दालनात मात्र मूळ अक्षर. स्वरांवरच्या दोन टिंबांची गोष्टही तशीच. योहान्नेस श्योटलर, पेटर केझबाउअर, यान कॉलिन फ्योल्कर या तिघा जर्मन खेळाडूंच्या आडनावांत ती टिंबं आहेत. बीडब्ल्यूएफकडे टिंबं काढून त्या स्वरापुढे ई लावतात, म्हणजे ओ चा ओई, ए चा एई. नुसती टिंबं गाळून शोधलं तर नाव हुकतं. सोपा उपाय असा : आडनावाची पहिली तीन-चार बिनधोक अक्षरं टाका आणि येणाऱ्या यादीत देशाच्या झेंड्यावरून माणूस ओळखा. किंवा शोधपेटीचा नादच सोडा. तो खेळल्याची खात्री असलेली एखादी स्पर्धा उघडा, ड्रॉमध्ये नावावर टिचकी मारा आणि तिथून त्याच्या पानावर जा. हा रस्ता लांबचा वाटतो, पण चुकत नाही.

नाव बदललं की गुंता वाढतो. इसाबेल लोहाऊ आधी इसाबेल हेर्ट्रिख होती. 2018 च्या स्विस ओपनचा ड्रॉ उघडलात तर विजेत्यांत हेर्ट्रिख दिसेल, 2022 च्या टोकियोच्या ड्रॉमध्ये लोहाऊ. एखाद्या नवख्या वार्ताहराने या दोन पानांवरून ‘लाम्सफुसने 2018 नंतर जोडीदार बदलली’ असं लिहिलं तर त्याला हसू नये, साइटच तसं सुचवते. पडताळा खेळाडू क्रमांकाने करायचा. आडनाव बदलतं, संघटनेने दिलेला क्रमांक बदलत नाही. जर्मन दुहेरीत हे नवं नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधली बिर्गिट ओव्हरत्सियर आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मिखाएल फुक्सबरोबर मिश्र दुहेरी खेळलेली बिर्गिट मिशेल्स ही एकच बाई. निकोल ग्रेटरच्या बाबतीत तर नुसती जोडीदारच नव्हे, पुढे खेळाचा देशही बदलला. जर्मनीसाठी युलियाने शेंकबरोबर खेळल्यानंतर ती कॅनडाच्या चारमेन रीडबरोबर उतरली. अशा कारकिर्दीत झेंड्यावरून शोधण्याची वर सांगितलेली युक्तीही फसते, तिथे क्रमांकच कामाला येतो.

खेळाडूच्या पानावर एकेरी, दुहेरी आणि मिश्र असे जय-पराजयाचे वेगळे आकडे मिळतात, एकूण कारकिर्दीचे आणि चालू वर्षाचे. दिसायला हे फार छान. पण या आकड्यातल्या ‘दुहेरी’त सगळे जोडीदार एकत्र मिसळलेले असतात. लाम्सफुस-झायडेल जोडी किती चांगली, हे त्या आकड्यावरून ठरवणं म्हणजे सगळ्या भाज्या एकत्र तोलून वांग्याचा भाव काढणं. जोडीचा हिशेब हवा असेल तर एकेक वर्ष उघडून स्पर्धांच्या यादीतून जोडीदाराचं नाव पाहत हाताने मोजावं लागतं. कागदावर तीन रकाने आखा : स्पर्धा, जोडीदार, कोणत्या फेरीत बाहेर. नियमित दौऱ्यावरचा खेळाडू वर्षाला पंधरा-वीस स्पर्धा खेळतो. दोन प्रकार धरले तर एका वर्षासाठी तीस-चाळीस ओळी होतात. काम कंटाळवाणं आहे, पण जोडी कधी बनली, कधी मोडली आणि मधे कोणाला आजमावलं, हे दुसऱ्या कुठल्याही रस्त्याने कळत नाही.

माझ्या मते या साइटवरची सगळ्यात मोलाची जागा म्हणजे क्रमवारीचं तपशील-पान, आणि बहुतेक लोक तिथवर पोचतच नाहीत. दर मंगळवारी नवी क्रमवारी लागते. वरच्या पट्टीतून कोणताही जुना आठवडा निवडता येतो. जोडीच्या गुणांवर टिचकी मारली की ते गुण कुठून आले याची फोड उघडते. नियम असा : मागच्या 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम 10 निकालांची बेरीज. दहापेक्षा कमी स्पर्धा खेळल्या असतील तर सगळ्यांची. त्यामुळे बारा स्पर्धा खेळलेली जोडी आणि वीस खेळलेली जोडी यांचे आकडे शेजारी छापलेले असले तरी त्यांची किंमत सारखी नाही. दुसरीला दहा वाईट आठवडे टाकून द्यायची मुभा मिळालेली असते.

गुणांचा तक्ता शेजारी असल्याशिवाय ही फोड वाचू नये. 2018 मध्ये बीडब्ल्यूएफची वर्ल्ड टूर ही स्पर्धामालिका सुरू झाली. तिच्यातल्या स्पर्धांच्या दर्जांना सुपर 300, सुपर 500 अशी नावं आहेत, आकडा मोठा तितका दर्जा वरचा. तेव्हाच्या तक्त्यात सुपर 300 स्पर्धेच्या विजेत्याला 7000 गुण, सुपर 500 ला 9200, सुपर 750 ला 11000, सुपर 1000 ला 12000 आणि जागतिक अजिंक्यपदाला 13000. बाझेलचं विजेतेपद म्हणजे 7000. टोकियोतलं कांस्य म्हणजे उपांत्य फेरी, म्हणजे 9200, सुपर 500 स्पर्धा जिंकल्याइतके. इथवर सगळं रीतसर वाटतं. गंमत खालच्या ओळींत आहे. सुपर 1000 स्पर्धेत 32 जोड्यांच्या ड्रॉमध्ये पहिल्याच सामन्यात हरलं तरी 3000 गुण मिळतात. सुपर 300 मध्ये एक सामना जिंकून दुसऱ्यात हरलं तर 2750. म्हणजे जिंकलेल्या सामन्यापेक्षा हरलेला सामना जास्त गुण देतो! युरोपातल्या जोड्यांना याचा हिशेब सतत करावा लागतो. घराजवळची सुपर 300 खेळावी की आशियात जाऊन सुपर 1000 च्या पहिल्या फेरीत अव्वल जोडीला भिडावं, हा प्रश्न नुसत्या हिमतीचा नसून विमानभाड्याचा आणि गुणांचाही असतो. फोड-पानावर 3000 चे आकडे एकाखाली एक दिसले तर त्या जोडीने त्या आठवड्यांत एकही सामना जिंकलेला नसण्याची शक्यता आहे. साइट हे लाल अक्षरात सांगत नाही, आपल्यालाच वाचायला लागतं.

तारखांचे सापळे वेगळेच. टोकियो 2020 ऑलिंपिक 2021 मध्ये झालं, त्यामुळे साइटवर ते 2021 च्या यादीत शोधावं लागतं. 2020 च्या नावाचा थॉमस चषक, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, हाही तसाच 2021 मध्ये गेला. 17 मार्च 2020 ला क्रमवारी गोठवली गेली आणि पुढे कित्येक महिने याद्या हलल्याच नाहीत. त्या काळात एखाद्या जोडीचा क्रमांक टिकला याचा अर्थ तिने तो टिकवला असा नाही, कोणी खेळलंच नव्हतं. म्युलहाइमची जर्मन ओपन 2020 आणि 2021 अशी दोन्ही वर्षं रद्द झाली. जर्मन खेळाडूच्या यादीत घरची स्पर्धा सलग दोन वर्षं दिसली नाही तर दुखापतीचा तर्क लढवत बसू नये.

स्पर्धांची नावं हा आणखी एक खड्डा. जारब्र्युकेनची स्पर्धा आधी बिटबुर्गर ओपन होती, 2018 मध्ये सारलोरलक्स ओपन झाली, 2021 पासून हायलो ओपन. नावावरून शोधलं तर एकाच स्पर्धेचा इतिहास तीन तुकड्यांत मिळतो. दर्जाही स्थिर नाही : 2018 मध्ये सुपर 100, 2021 मध्ये सुपर 500, 2022 मध्ये सुपर 300. ‘हायलो ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत’ एवढंच लिहिलं तर कोणत्या साली, हे सांगितल्याशिवाय त्याला वजन येत नाही. सुपर 500 मध्ये त्या फेरीचे 5040 गुण, सुपर 300 मध्ये 3850.

आता जर्मन दालन. टुर्नियर डॉट डीई शिवाय कुठल्याही जर्मन खेळाडूची कारकीर्द अर्धीच राहते, कारण बुंडेसलीगा, म्हणजे जर्मन क्लबांची राष्ट्रीय लीग, तिथे आहे. लाम्सफुस विपरफेल्ड क्लबाकडून खेळायचा, झायडेल जारब्र्युकेन-बिशमिसहाइमकडून. म्हणजे आंतरराष्ट्रीय दौऱ्यावर एकाच बाजूला उभे राहणारे दोघे लीगमध्ये जाळीच्या दोन बाजूंना येऊ शकत. दौऱ्यावरच्या मिश्र दुहेरीतही असंच, झायडेल लिंडा एफ्लरबरोबर खेळायचा. हे नातं बीडब्ल्यूएफच्या पानावर एका नजरेत दिसत नाही, दोन दालनं शेजारी उघडली की दिसतं.

भाषा जर्मन आहे, पण शब्द मोजकेच लागतात. एचडी म्हणजे हेरेनडोपेल, पुरुष दुहेरी. डीडी म्हणजे डामेनडोपेल, महिला दुहेरी. डीडी पाहून ‘डबल्स’ समजणारे बरेच निघतात, तिथेच घोटाळा होतो. मिश्र दुहेरीला गेमिश्टेस डोपेल. फेराइन म्हणजे क्लब, बेगेग्नुंग म्हणजे दोन संघांमधली लढत, फ्रायलोस म्हणजे बाय (प्रतिस्पर्धीच नसल्याने थेट पुढची फेरी), कांपफ्लोस म्हणजे न खेळता मिळालेला विजय, आउफगाबे म्हणजे सामना अर्धवट सोडणं. बुंडेसलीगाच्या एका लढतीत सात सामने असतात : दोन पुरुष दुहेरी, एक महिला दुहेरी, दोन पुरुष एकेरी, एक महिला एकेरी आणि एक मिश्र. हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात संपतो, म्हणून वर्ष 2021/22 असं जोडून लिहिलेलं असतं. बीडब्ल्यूएफच्या कॅलेंडर वर्षाशी ते जुळवताना हंगामाचे दोन भाग करावे लागतात.

सगळ्यात मोठी चूक गुणसंख्येत होते. लीगमध्ये गेम 11 गुणांचा, पाचपैकी तीन जिंकायचे. 10-10 झाल्यावर दोन गुणांची आघाडी लागते, पण 15 ला गेम संपतोच. बीडब्ल्यूएफच्या दौऱ्यावर 21 गुणांचे तीनपैकी दोन गेम. 11-9 हा लीगमधला धडधडीत पूर्ण गेम आहे. दोन्हीकडचे गुण एकाच तक्त्यात टाकून सरासरी काढली तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. लहान गेममध्ये सर्व्हिस आणि पहिल्या तीन फटक्यांना भाव चढतो, मागे पडलेल्या जोडीला सावरायला जागा नसते. म्हणून लीगमधली कामगिरी वेगळ्या कागदावर लिहावी. जर्मनीत राहणाऱ्या ज्या मराठी पालकांची मुलं तिथल्या क्लबांत खेळतात, त्यांना हे दालन रोजच्या वापरात येतं. त्यांनी एक लक्षात ठेवावं : जर्मन संघटनेचा खेळाडू क्रमांक आणि बीडब्ल्यूएफचा क्रमांक हे दोन वेगळे असतात. एक टाकून दुसरीकडे शोधू नये.

मग पॅरिस. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये पुरुष दुहेरीच्या क गटात चार जोड्या होत्या : सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी, इंडोनेशियाचे फजर अल्फियान आणि रियान अर्दियांतो, फ्रान्सचे लुका कोर्वी आणि रोनान लाबार, आणि लाम्सफुस-झायडेल. जर्मन जोडी पहिला सामना इंडोनेशियाच्या जोडीशी खेळली. मग लाम्सफुसने गुडघ्याच्या दुखापतीमुळे माघार घेतली आणि भारतीय जोडीबरोबरचा सामना झालाच नाही. गट पद्धतीचा नियम कडक आहे. एखादी जोडी मधेच गेली तर तिचे सगळेच सामने रद्द धरतात, खेळून झालेलेसुद्धा. कारण सरळ आहे : एका जोडीला तिच्याविरुद्ध जिंकण्याची संधी मिळाली आणि दुसरीला मिळाली नाही, तर गटाचा तक्ता असमान होतो. आपल्याकडे त्याच स्पर्धेत लक्ष्य सेनच्या वाट्याला हेच आलं होतं. ग्वाटेमालाच्या केविन कॉर्डनविरुद्धचा त्याचा विजय कॉर्डनच्या माघारीनंतर पुसला गेला.

शोधणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की गटाच्या तक्त्यावर विसंबू नये. लाम्सफुस-झायडेल प्रत्यक्ष कोर्टावर उतरून एक सामना खेळले, पण गुणतक्त्यात तो नाही. कारकिर्दीचा आढावा लिहिताना ‘पॅरिसमध्ये एक सामना खेळला, दुखापतीने माघार, निकाल नियमानुसार रद्द’ हे शब्दांत लिहावं लागतं, कारण आकड्यांच्या चौकटीत ही गोष्ट बसत नाही. बाद फेरीत नियम वेगळा. तिथे माघार घेतली तर प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळते आणि आधीचे निकाल तसेच राहतात. वॉकओव्हर म्हणजे सामना सुरूच झाला नाही, रिटायर्ड म्हणजे सुरू होऊन अर्धवट सुटला. मराठी बातम्यांत दोन्हीला सरसकट ‘माघार’ म्हणतात, ते टाळलं तर बरं.

पदकांचंही असंच. जागतिक अजिंक्यपदात उपांत्य फेरीत हरलेल्या दोन्ही जोड्यांना कांस्य मिळतं, त्यासाठी वेगळा सामना होत नाही. ऑलिंपिकमध्ये होतो. त्यामुळे 2022 च्या टोकियोच्या ड्रॉमध्ये कांस्यपदकाची लढत शोधत बसलात तर ती सापडणार नाही. लाम्सफुस-लोहाऊंचं पदक उपांत्य फेरीतल्या पराभवाच्या ओळीत आहे.

आमनेसामने, म्हणजे दोन जोड्यांचे आपसातले सामने, पाहण्याची सोय साइटवर आहे, दोन्ही बाजूंना दोन-दोन खेळाडू टाकता येतात. इथे जोडीचा काटेकोरपणा पुन्हा आडवा येतो. मे 2022 मध्ये बँकॉकच्या थॉमस चषकात भारताने जर्मनीला 5-0 हरवलं, तेव्हा सात्त्विक-चिरागसमोर जोन्स यान्सनबरोबर झायडेल होता, लाम्सफुस नव्हे. हा सामना लाम्सफुस-झायडेलच्या खात्यात धरता येणार नाही, पण झायडेलला या भारतीय जोडीची सर्व्हिस ठाऊक नव्हती असंही म्हणता येणार नाही. म्हणून जोडीने शोधून झालं की एकेका खेळाडूचं पान उघडून सांघिक स्पर्धा वेगळ्या तपासाव्यात. त्यांत आधी देश-विरुद्ध-देश अशी लढत उघडते आणि त्याच्या आत सामने असतात. एक पायरी जास्त, म्हणून लोक तिथवर जात नाहीत.

थेट सामना पाहायचा असेल तर वेळापत्रक वाचता यायला हवं. छापलेली वेळ यजमान गावाची असते. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात आणि हायलो ओपन नेमकी त्यानंतरच्याच आठवड्यात येते. त्यामुळे आदल्या आठवड्याच्या सवयीने बसलं तर एक तास आधी बसून राहावं लागतं. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला येणाऱ्या जर्मन ओपनला साडेचार तासच धरा. शिवाय कोर्टावरच्या पहिल्या सामन्यालाच पक्की वेळ असते, बाकीचे ‘त्यानंतर’ या सदरात. दुहेरीचे सामने लांबले की पुढचं सगळं सरकतं. चित्रण हवं तर बीडब्ल्यूएफच्या यूट्यूब वाहिनीवर पाहावं, पण जुन्या सुपर 300 स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्या सगळ्या कोर्टांवरच्या मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. युरोपीय जोड्यांची बरीचशी मेहनत तिथेच, कॅमेरा नसलेल्या कोर्टावर, गेलेली असते.

बक्षिसाचा हिशेब ड्रॉच्या पानावर तयार मिळत नाही, पण सोपा आहे. बीडब्ल्यूएफच्या वाटणीत दुहेरीच्या विजेत्या जोडीला एकूण रकमेच्या 7.9 टक्के जातात, एकेरीच्या विजेत्याला 7.5. स्विस ओपन 2018 ची एकूण रक्कम दीड लाख डॉलर होती. म्हणजे विजेत्या मिश्र जोडीला 11,850 डॉलर, माणशी 5,925. एकेरीचा विजेता समीर वर्मा होता, त्याला एकट्याला 11,250. कर, प्रवास आणि प्रशिक्षकाचा खर्च यातूनच. दुहेरीचा खेळाडू दोन प्रकार का खेळतो आणि शिवाय क्लबाची लीग का सोडत नाही, याचं बरंचसं उत्तर या एका गणितात आहे.

साइटला काय येत नाही, तेही सांगायला हवं. सामन्याचा अंतिम गुणफलक मिळतो, वेळ मिळते, अलीकडच्या मोठ्या स्पर्धांत सलग किती गुण घेतले असली काही आकडेवारी बीडब्ल्यूएफच्या स्वतःच्या साइटवर असते. पण त्या जोडीत कोणी काय केलं, हे कुठेच नाही. पुढे जाळीवर कोण उभा होता, मागून स्मॅश कोणाचे, कोणाच्या सर्व्हिसवर गुण गेले, काहीच नाही. मिश्र दुहेरीत तर हीच गोष्ट सामना ठरवते. त्यासाठी चित्रण लावून कागद-पेन्सिल घेऊन बसण्याला पर्याय नाही. निदान प्रत्येक गेममध्ये सर्व्हिस कोणी केली आणि गुण कोणाला गेला एवढ्या दोन खुणा करत गेलात, तर तासाभरात जोडीचा कच्चा दुवा कळतो.

गुण द्यायचेच तर निकालांच्या अचूकपणाला पाचपैकी साडेचार, क्रमवारीच्या फोडीला पाचपैकी पाच, नावाच्या शोधाला दोन, आणि दुहेरीच्या खेळाडूची सलग कारकीर्द दाखवण्याला एक. तोही खेळाडू क्रमांक बदलत नाही म्हणून. प्रशिक्षक, निवड समितीवरची माणसं आणि क्रीडा वार्ताहर यांना या साइटशिवाय चालणार नाही. नुसत्या हौशी प्रेक्षकाने क्रमवारीपासून सुरुवात करावी आणि एका जोडीची फोड वाचायला शिकावं. सुरुवातीला लाम्सफुस-लोहाऊंचा ऑगस्ट 2022 च्या शेवटचा आठवडा निवडा. टोकियोची ओळ शोधा, मग त्याच्या वरखालच्या नऊ ओळी बघा.